डायनॅमोचं विरजण

जुन्या अँबेसेडरचा डायनॅमो उघडला तर आत कायमचा लोहचुंबक कुठेच सापडत नाही. तांब्याच्या तारेच्या फील्ड कॉइल, त्यांच्या पोटात साधं लोखंड, मध्ये फिरणारं आर्मेचर आणि त्यावर टेकलेले दोन कार्बन, एवढाच सगळा संसार. वीज व्हायला चुंबक हवा आणि इथे चुंबक व्हायलाच वीज हवी. मग सुरुवात करतं कोण?

लोखंड करतं! काल कॉइलमधून वीज खेळली तेव्हा त्याच्यात आलेलं चुंबकत्व इंजिन बंद केल्यावर सगळं निघून जात नाही, किंचित उरतं. सकाळी फॅन बेल्ट फिरू लागला की त्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर आर्मेचरमध्ये जेमतेम एखादा व्होल्ट उमटतो. तो कॉइलकडे जातो, चुंबक जरा जोर धरतो, व्होल्ट वाढतात, चुंबक आणखी तगडा होतो. कालच्या चमचाभर दह्यावर आज पातेलंभर दूध विरजावं, तसंच हे. फॅरेडेने चुंबकापासून वीज निर्माण करून दाखवली 1831 साली. पण यंत्राने आपला चुंबक आपणच पोसावा, ही युक्ती सुचायला आणखी 35 वर्षं गेली. 1866-67 च्या सुमारास सीमेन्स, व्हीटस्टन आणि व्हार्ली यांनी ती आपापल्या वाटेने शोधली.

डॅशबोर्डवरचा लाल दिवाही असाच विलक्षण आहे. त्याचं एक टोक बॅटरीकडे, दुसरं डायनॅमोकडे. दोन्हीकडचे व्होल्ट सारखे झाले की दिव्यातून वीज वाहायचं कारणच उरत नाही, म्हणून तो विझतो. सिग्नलला गाडी मंद आचेवर असताना तो मिणमिणला तर घाबरू नका. डायनॅमो तेव्हा हळू फिरत असतो आणि बॅटरीतली वीज उलटी त्याच्यात शिरू नये म्हणून कटआउटने वाट तोडलेली असते. रेस वाढवूनही दिवा विझला नाही, तर मात्र कुठेतरी बिघाड आहे.

आधी बेल्टचा ढिलेपणा आणि बॅटरीच्या टर्मिनलवरची बुरशी बघावी. मग मीटर लावावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, रेस दिल्यावर आकडा 14 च्या आसपास चढायला हवा. चढत नसेल तर दोष डायनॅमोत की कटआउट-रेग्युलेटरच्या डबीत? हे ठरवायची लुकास कंपनीच्या डायनॅमोसाठीची जुनी चाचणी मला फार सुंदर वाटते. डायनॅमोवरच्या दोन्ही वायरी काढायच्या, ती दोन टर्मिनल छोट्या तारेने एकमेकांना जोडायची, मीटरचं एक टोक तिथे आणि दुसरं अर्थला. इंजिन सुरू करून रेस हळूहळू वाढवायची. काटा न अडखळता चढत गेला तर डायनॅमो ठणठणीत, दोष पुढे शोधायचा. 20 व्होल्टच्या पुढे मात्र जाऊ देऊ नये. काटा हललाच नाही तर कार्बन बघा. चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचरवर संशय घ्या. आणि एकाच व्होल्टच्या आसपास राहिला तर फील्ड कॉइलवर. तो एक व्होल्ट म्हणजे लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाची कमाई! विरजण शाबूत आहे, पण कॉइल साथ देत नाही, हे तो आकडा उघड सांगतो.

गाडी फार काळ उभी राहिली किंवा डायनॅमो खोलून पुन्हा बसवला, तर हे चुंबकत्वही कधी कधी हरवतं. मग जाणता वायरमन इंजिन बंद ठेवून, डायनॅमोच्या वायरी सुट्या करून, बॅटरीच्या लाइव्ह टोकाची वायर फील्डच्या टर्मिनलला क्षणभर टेकवतो. ठिणगी उडते आणि लोखंड पुन्हा चुंबकत्व धरतं.

तेव्हा चार्जिंग होत नाही म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी ही तपासणी समोर उभं राहून करून घ्या. मात्र नंतरच्या अँबेसेडरमध्ये डायनॅमोच्या जागी ऑल्टरनेटर आला. त्याच्यावर टर्मिनल जोडण्याचा हा प्रयोग करू नका आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायरही काढू नका. आतले डायोड जळू शकतात.