मंडळी म्हणजे वास्तू नव्हे

नाताळचे पर्व आले की ख्रिस्ती बांधवांची प्रार्थनामंदिरे दीपमालांनी उजळतात. परंतु त्या वास्तूला नव्हे, तर तेथे जमणाऱ्या भाविकांना महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट समाज ‘मंडळी’ म्हणतो. नव्या करारातील ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थही जमलेली सभा असाच आहे. ही सभा जमावयाची ती ईश्वरभजनासाठी आणि दीनांच्या सेवेसाठी.

संस्था वाढली की मात्र साधनच साध्याचे आसन बळकावू पाहते. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात अमेरिकन मराठी मिशनने शाळा व दवाखाने चालविले. ते कार्य मोलाचेच होते. पण उपदेशकांचे वेतन मिशनकडून येई, त्यामुळे मंडळीला परावलंबनाची सवय जडे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या मनाला हे शल्य सलत असे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग, ओवी, भजन व कीर्तन यांच्या द्वारा ख्रिस्तभक्ती मराठी कंठात रुजविली. जी प्रार्थना मायबोलीत उमलत नाही, ती अंतःकरणापर्यंत कशी पोहोचावी?

पुढे १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, अशा सर्व ख्रिस्तप्रेमी जनांना तेथे मुक्तद्वार होते. संसारी गृहस्थाने निश्चित मिळकत सोडावी, हा त्याग लहान नव्हे!

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि त्यांच्यामागे तो दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची गीते मात्र ‘उपासना संगीत’ या संग्रहातून आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात. संस्था विरली, भजन उरले. यातच मंडळीच्या खऱ्या प्रयोजनाचा निर्णय आहे.

म्हणून कोणत्याही गावच्या मंडळीने वर्षाअखेर जमाखर्चाबरोबर आणखी तीन गोष्टींचा हिशेब मांडावा : उपासनेत मन रमले काय, दुःखिताच्या दारी कोणी गेले काय, आणि नवागताला पंक्तीत स्थान मिळाले काय? वाचकहो, हा हिशेब आपल्या देवस्थानांनाही चुकलेला नाही. कळस सोन्याचा झाला आणि सभामंडप भजनावाचून ओस पडला, तर देवाला काय पावले?