कंबर चोळल्याने मूत्रपिंड सुधारते का?

चिनी परंपरेत स्वतःच स्वतःची मालिश करण्याचे अनेक प्रकार आहेत. तळहात एकमेकांवर घासून गरम करायचे आणि कंबरेच्या दोन्ही बाजू वरखाली चोळायच्या, किंवा तळपाय अंगठ्याने दाबायचा. त्याने मूत्रपिंडे बळकट होतात, असे मानले जाते. आपल्याकडे काशाच्या वाटीने तळपाय घासतात, त्याच्याच जवळचा हा प्रकार. मात्र चिनी वैद्यकातील 'शेन' म्हणजे केवळ मूत्रपिंड नव्हे. वाढ, हाडे, प्रजनन हे सारे त्यात येते आणि कंबर हे 'शेन'चे घर समजले जाते.

शरीरशास्त्र काय सांगते? मूत्रपिंडे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आड असतात. प्रत्येकाचे वजन सुमारे १५० ग्रॅम. त्यांच्याभोवती चरबी आणि मागे जाड स्नायू असतात. मालिश पोचते ती या स्नायूंपर्यंत. मूत्रपिंडाची गाळणी चालते ती रक्ताच्या दाबावर. मिनिटाला सुमारे १ लिटर रक्त तिथून जाते, दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. बहुतेक परत शोषला जाऊन दीड लिटरच्या आसपास लघवी उरते. म्हणजे शरीरात पुरेसे पाणी हवे.

बीड जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकापुरता राहत नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. दिवसभर वाकून कोयता चालवायचा, मोळ्या वाहायच्या, गाडी भरायची. घाम भरपूर, पाणी कमी. फडात आडोसा नसल्याने अनेक स्त्रिया पाणी पिणेच टाळतात. रात्री कोपीवर परतल्यावर कंबर धरते, मग वेदनाशामक गोळी घेतली जाते.

धोका इथे आहे. पाणी घटले की मूत्रपिंडाला रक्त कमी पडू लागते. तेव्हा प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तिथे रक्त आणणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या रुंद ठेवतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या हीच द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. दुखणे थांबते, पण गाळणीचा दाबही उतरतो. मध्य अमेरिकेत मधुमेह किंवा उच्च रक्तदाब नसलेल्या मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे एल साल्वादोरमधून २००२ साली नोंदले गेले. निकाराग्वातील ऊसतोड मजुरांतही हा विकार आढळला. त्याचे कोडे पूर्ण सुटलेले नाही. पण उन्हातले अतिकष्ट हे प्रमुख कारण मानले जाते. तिथे पाणी, विसावा आणि सावली यांची सोय वाढवल्यावर मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाल्याचे आढळले.

मग मालिश निरुपयोगी का? नाही. कंबरदुखी बहुतेक वेळा स्नायूंची असते आणि हळुवार चोळण्याने ती हलकी होऊ शकते. त्यामुळे एखादी गोळी टळली, तर मूत्रपिंड वाचवायला मदतच झाली. मात्र पाण्याची उणीव मालिश भरून काढत नाही.

हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना हे जरूर शिकवा. फोनवरून ती आईवडिलांना सांगतील. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे. सांगायच्या गोष्टी तीन: तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे, दुपारी सावलीत बसावे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज गोळी घेऊ नये. लघवी लाल दिसली, फार कमी झाली, पायांवर सूज आली किंवा कंबरदुखीबरोबर ताप आला, तर चोळत न बसता दवाखाना गाठावा. मूत्रपिंडाचा आजार बराच काळ दुखत नाही. म्हणूनच दुखण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.