भंडारा जिल्ह्यातील मंडई : लोककला-जतनाचे ग्रामीण केंद्र

प्रस्तावना :
भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा वनव्याप्त, धानउत्पादक प्रदेश 'झाडीपट्टी' या नावाने ओळखला जातो. वारसा-जतन म्हटले की वास्तू वा संग्रहालय डोळ्यांसमोर येते. झाडीपट्टीत मात्र हे कार्य प्रामुख्याने मंडईने केले आहे. प्रस्तुत लेखात या लोकपरंपरेचे स्वरूप व तिच्यापुढील प्रश्न यांचा विचार केला आहे.

मंडईचे स्वरूप :
दिवाळीनंतर, भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा असल्याने परगावचे आप्त व सासरी गेलेल्या लेकी एकत्र येतात. दंडार, खडीगंमत यांसारखे लोककलाप्रकार येथे सादर होतात आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. कलावंत, आश्रयदाता व प्रेक्षक गावातच असल्याने कला टिकून राहते.

प्रसंग आणि कला :
हिवाळ्यातील शंकरपट हाही नाटकाचा असाच प्रसंग होय. दिवसा बैलांची शर्यत आणि रात्री नाटक अशी रीत होती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली. मधल्या काळात शंकरपटानिमित्त होणाऱ्या नाट्यप्रयोगांचा आधारच नाहीसा झाला. कलेवर कोणतेही बंधन नसताना केवळ निमित्त हरपल्याने ती अडचणीत येऊ शकते, हे यावरून स्पष्ट होते.

संकलनाची निकड :
साकोली येथील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली व तेथील लोकरंगभूमी यांचा अभ्यास करून या वारशास विद्याक्षेत्रात स्थान मिळवून दिले. झाडीपट्टी रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. तथापि, दंडारीची गीते व संवाद बहुतांशी मौखिक परंपरेत आहेत. जाणकार कलावंत निवर्तला की त्याच्यासोबत संहिताही लुप्त होते.

निष्कर्ष :
मंडई हे वास्तूविना उभे असलेले कलाकेंद्र आहे. तिचे जतन म्हणजे त्या प्रसंगाचे जतन होय. परिसरातील महाविद्यालयांनी मंडईच्या काळात ध्वनिचित्रमुद्रण हाती घ्यावे. संकलन करताना बोलीचे प्रमाणीकरण टाळावे. 'पानी' हा उच्चार 'पाणी' असा सुधारून लिहिल्यास बोलीचा पुरावाच नष्ट होतो. तसेच मुद्रणाची एक प्रत संबंधित गावाकडे सुपूर्द करावी, कारण या वारशाचा पहिला हक्कदार ते गावच आहे.