साधं टाकू की पावर?

मलकापूरहून मोताळ्यामार्गे बुलडाण्याला येताना राजूर घाट लागतो. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, वर मे महिन्याचं ऊन. चढावर वेग मंदावतो, तरी चालवणारा चौथा गिअर सोडत नाही आणि अॅक्सिलरेटर दाबतच राहतो. अशा वेळी जुन्या पेट्रोल गाडीच्या बॉनेटखालून बारीक टकटक ऐकू येते. गॅरेजवाले त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. पेट्रोलच्या ऑक्टेनचा सगळा विषय या आवाजात आहे.

पिस्टन पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण दाबतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते. ज्योत प्लगपासून निघून क्रमाक्रमाने पसरली, तर पिस्टनला एकसारखा रेटा मिळतो. दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. त्या भडक्याच्या दाबलाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात, तोच तो आवाज. हे फार काळ चाललं तर पिस्टन आणि हेड गॅस्केट खराब होतात. असा अवेळी भडका न होऊ देण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ऑक्टेन वाढला म्हणजे पेट्रोलमधली ऊर्जा वाढली, असं होत नाही. पंपावरचा बहुतेक गैरसमज इथेच आहे.

ही मोजपट्टी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी १९२०च्या दशकात सुचवली. चटकन भडकणाऱ्या हेप्टेनला शून्य आणि दाब सोसणाऱ्या आयसो-ऑक्टेनला शंभर गुण दिले. एक सिलिंडरच्या खास चाचणी इंजिनात पेट्रोल तपासतात. ९१ टक्के आयसो-ऑक्टेनच्या मिश्रणाइतकं ते टिकलं, की त्याचा ऑक्टेन ९१. ही झाली ‘रिसर्च’ पद्धत, आपल्याकडे पंपावर सांगतात तो आकडा तिचाच. अमेरिकेत याच्यासोबत दुसऱ्या, अधिक कडक चाचणीचा आकडा घेऊन दोन्हींची सरासरी लावतात. तिकडचे नातेवाईक ‘आम्ही ८७ टाकतो’ म्हणाले, तर ते ‘रिसर्च’ पद्धतीने ९१ च्या आसपासचंच पेट्रोल असतं.

ऑक्टेन वाढवण्याच्या एका उपायाची जगाने फार मोठी किंमत मोजली. थॉमस मिजली यांना १९२१ साली आढळलं, की टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग थोडंसं मिसळलं तरी नॉकिंग थांबतं. पुढची कित्येक दशकं गाड्यांच्या धुरातून शिसं हवेत जात राहिलं आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होत राहिला. भारतात शिसंमुक्त पेट्रोल सर्वत्र लागू व्हायला २००० साल उजाडलं. अल्जेरियाने तर शिसंयुक्त पेट्रोल २०२१ मध्ये थांबवलं. विज्ञानाच्या इतिहासातली ही गोष्ट मला अक्षम्य वाटते, कारण अल्कोहोल मिसळूनही ऑक्टेन वाढतो हे तेव्हाच माहीत होतं.

तेच अल्कोहोल आता आपल्या टाकीत आहे. उसापासून, आणि अलीकडे मोठ्या प्रमाणावर मक्यापासून, बनलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा म्हणूनच या विषयाशी थेट संबंध आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशानुसार इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८.५ आहे आणि ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा ९५ च्या घरात जातो. म्हणजे ज्या ९५ आकड्यासाठी आपण ‘पावर’ या महागड्या पेट्रोलचे जादा पैसे मोजत होतो, तो आता साध्या नोझलमधूनच मिळू लागला आहे. महागड्या पेट्रोलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं जास्त असतात, हा फरक मात्र उरतो.

इथेनॉलची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं अॅव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचं ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट १ ते २ टक्के धरली होती. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी टाकी घेऊन महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी त्यामुळे त्रास देऊ शकते.

मग जादा ऑक्टेनचा उपयोग कोणाला? ज्यांच्या इंजिनात दाब जास्त असतो त्यांना: टर्बो पेट्रोल गाड्या, मोठ्या स्पोर्ट्स बाइक. आजच्या बहुतेक पेट्रोल कारमध्ये नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो. त्याला चाहूल लागली, की कॉम्प्युटर ठिणगी किंचित उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि अॅव्हरेज थोडं घटतं. खामगाव, शेगाव, मलकापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात भरलेली टर्बो गाडी घाटात चढवताना चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल ही घट भरून काढू शकतं. साध्या स्कूटरला किंवा ९१ वर चालण्यासाठी बनवलेल्या छोट्या कारला ते टाकून पिकअप वाढत नाही. तिथे घाटात वेळेवर खालचा गिअर टाकणं हाच नॉकिंगवरचा खरा इलाज, आणि तो फुकट आहे.

तरीही आवाज येत राहिला, तर प्लग, कूलंट आणि सिलिंडरमध्ये साठलेला कार्बन तपासून घ्यावा. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असेल तर ऑक्टेन घसरतो, हेही कारण असू शकतं. पंपावर फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकून पाहण्याचा ग्राहकाला हक्क आहे. थेंब उडून गेल्यावर डाग राहिला, तर तक्रार करावी.

सिंदखेड राजा किंवा मेहकरहून समृद्धी महामार्गावर चढणारे अनेक जण ‘आज लांब जायचंय’ म्हणून पावर पेट्रोल भरतात. ताशी १२० च्या मर्यादेत एकसारख्या वेगाने जाणाऱ्या साध्या गाडीला त्याची गरज नसते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणामागे कंपनीने किमान ऑक्टेन दिलेला असतो. तो वाचा आणि तेवढंच भरा. वाचलेले पैसे टायरसाठी ठेवा. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर निघण्यापूर्वी टायरची झीज आणि हवा तपासणं ऑक्टेनपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे.