जनावरांचा डॉक्टर व्हायचे तर

कल्याण-नगर रस्त्याने आळेफाटा सोडून घाट चढला की आणे गाव लागते. पठार कोरडवाहू, पाण्याची ओढ कायमची. अशा मुलखात घरखर्चाला शेळी-मेंढीचाच आधार. घाटाखाली बेल्ह्याला सोमवारी बैलांचा बाजार भरतो. आपल्यापैकी कितीतरी बंधूंची रोजीरोटी बोकड, कातडे आणि मटणाच्या धंद्यावर आहे. पण या धंद्याला लागणारा डॉक्टर आपल्या घरात क्वचितच आढळतो.

कापडाच्या ताग्याला भोक असेल तर उजेडात धरून दाखवता येते. जनावराचे तसे नाही. बाजारातून आणलेला धडधाकट बोकड आठ दिवसांत मान टाकतो, आणि पीपीआर असेल तर कळपही संकटात येतो. २०२२ साली लम्पीच्या साथीत राज्यातले गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा दलालापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे घरी बसले.

या डॉक्टरकीची पदवी म्हणजे बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण साडेपाच वर्षे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे; खुल्या वर्गाला किमान ५० टक्के. प्रवेश मात्र नीटच्या गुणांवर. राज्यातली सरकारी महाविद्यालये नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली येतात. परळचे १८८६ सालचे, म्हणजे सर्वांत जुने. आणेकरांना शिरवळचेही सोयीचे. नागपूर, परभणी, उदगीर ही आणखी.

पदवीनंतर पशुवैद्यक परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय डॉक्टरकी करता येत नाही. १९८४ चा कायदाच तसा आहे. पदविका घेतलेल्याला नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ उपचारांचीच मुभा असते. गावोगाव सुई घेऊन फिरणाऱ्याला बोलावण्याआधी हे विचारून घ्यावे. फी वाचते, जनावर जाते.

अनुभवाचे म्हणाल तर इंटर्नशिपचे वर्ष खरे. अडलेली गाय सोडवायला पुस्तक पुरत नाही. ज्या पोराने लहानपणापासून बोकडाचे दात पाहून वय सांगितले, जनावराच्या लाथेची ज्याला भीती नाही, तो इथे दोन पावले पुढे असतो. खाटीक आणि व्यापारी घरांतली मुले ही तालीम फुकट घेतात, तिचा उपयोग कोणी करत नाही इतकेच.

काम पुष्कळ आहे. लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते. कत्तलखान्यात जनावराची कापण्याआधी आणि नंतर तपासणी पशुवैद्यकच करतो. मांस परदेशी पाठवायचे तर त्याचा दाखला लागतो. कुक्कुटपालनवाल्यांना तो हवाच. जुन्नर तालुक्यातच माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, तिथेही पशुवैद्यकच लागतो.

उर्दू शाळेतल्या मुलांच्या पालकांनी एक ध्यानात घ्यावे. २०१८ पासून नीटचा पेपर उर्दूतही मिळतो, मराठीत तर मिळतोच. भाषेची निवड अर्ज भरतानाच करावी लागते. कॉलेजातले शिक्षण मात्र इंग्रजीत, तेव्हा इंग्रजीची शिकवणी दहावीपासूनच लावावी.