‘पाहिजेत’च्या चौकटीत

नोकरीची जाहिरात बहुतेक जण वरून खाली वाचतात. आधी पद, मग पगार, मग पत्ता. एका पायाने अधू असलेला उमेदवार ती खालून वर वाचतो. त्याला हवे असलेले उत्तर शेवटच्या ओळींत असते: ‘स्वतःची दुचाकी आवश्यक’, ‘फिरतीची तयारी हवी’, ‘दुसरा मजला’. तिथेच अडले की पदाच्या नावापर्यंत नजर जातही नाही.

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातल्या एका खोलीत मी दिव्यांग मुलामुलींचे अर्ज भरून द्यायला बसते. अर्ज भरणे हे नावाला, खरे काम जाहिराती वाचण्याचे. स्थानिक दैनिकांतल्या छोट्या जाहिराती, व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारे मेसेज, दुकानाच्या काचेवर चिकटवलेला कागद, महास्वयं पोर्टलवरच्या जागा, सरकारी भरतीच्या चाळीस-चाळीस पानी पीडीएफ, सगळे टेबलावर येते. अर्ज न करण्याचा निर्णय किती झटकन होतो, हे इथे बसल्यावर कळते. चार ओळींचा मजकूर वाचायचा, आणि फोन उलटा ठेवायचा.

एका शोरूमची जाहिरात घेऊ. ‘पाहिजेत : सेल्स एक्झिक्युटिव्ह, अकाउंटंट. स्मार्ट, धडधाकट, निर्व्यसनी. स्वतःची दुचाकी व लायसन्स आवश्यक. मूळ कागदपत्रांसह प्रत्यक्ष भेटा. वेळ ११ ते १.’ माझ्यासमोर व्हीलचेअरवर बसलेली मुलगी बी.कॉम., टॅली उत्तम येणारी, ओळखीच्या दोन दुकानांची जीएसटीची रिटर्न घरी बसून भरणारी. तिने वाचले आणि म्हणाली, ‘‘ताई, पुढची बघूया.’’

मी त्या नंबरवर फोन लावला. मालक सरळ बोलणारा होता. ‘‘गाडी सेल्सच्या पोरांना लागते हो. अकाउंटवाल्याला कशाला? तो गोडाउनला बसतो, खालीच.’’ मग धडधाकट कशाला लिहिले? ‘‘ते आपलं सगळेच लिहितात.’’ मुलगी व्हीलचेअर वापरते, असे सांगितल्यावर तो जरा थांबला. मग म्हणाला, गोडाउनला पायरी एकच आहे, फळी टाकता येईल. जागा मात्र आदल्या दिवशीच भरली होती.

या माणसाच्या मनात खोट नव्हती, आणि तरीही त्याच्या जाहिरातीने एक चांगली अकाउंटंट परत पाठवली होती. त्याला ते कधीच कळले नसते, कारण जो आलाच नाही त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये होत नाही. दोन पदांच्या अटी एका ओळीत कोंबल्या, इतकेच घडले होते. छोट्या जाहिरातीचे पैसे शब्दांवर मोजले जातात, म्हणून अटी एकत्र केल्या जातात, हे मला समजते. पण मग ‘धडधाकट’ या शब्दाचे पैसे तरी कशाला भरायचे?

शब्दांनी माणसे गळतात, हे केवळ माझे निरीक्षण नाही. २०११ मध्ये गॉशर, फ्रीसन आणि के या तीन संशोधकांनी जाहिरातींतल्या भाषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुरुषी छापाचे शब्द जास्त असलेली जाहिरात वाचून स्त्रियांना ती नोकरी कमी हवीशी वाटली. आपल्याला ते काम जमणार नाही असे त्यांना वाटत नव्हते, तिथे आपली जागा नाही असे वाटत होते. तो अभ्यास स्त्री-पुरुषांपुरता होता. पण मोजून सांगितलेले ते कारण मी रोज ऐकते. ‘‘जमेल हो मला. पण त्यांना दुसरंच कोणीतरी हवंय.’’

आपल्याकडे यात आणखी एक टप्पा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत निर्णायक. जाहिरात उमेदवारापर्यंत थेट पोचतच नाही. ती आधी भावाच्या फोनवर येते, वडिलांच्या हाती लागते, शेजारच्या काकांच्या ग्रुपवर पडते. घर ही पहिली चाळणी. ‘धडधाकट’ वाचून भाऊ मेसेज पुढे पाठवत नाही. बहिणीला वाईट वाटू नये, म्हणून. आई म्हणते, ‘‘उगीच कशाला आशा लावायची?’’ घाटीवरचे घर, चिऱ्यांच्या पायऱ्या, पावसाळ्यात निसरडी पायवाट, वाडीतून एसटीच्या थांब्यापर्यंतचे अंतर. घरच्यांची काळजी खोटी नसते. पण निर्णय घरचे घेतात आणि तिला तो ठाऊकही नसतो. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतल्या मुलीला काजू फॅक्टरीत ग्रेडिंगसाठी बाया हव्यात, हे हंगाम संपल्यावर समजले. ग्रेडिंग म्हणजे बसून, हाताने आणि नजरेने करायचे काम. तिची अडचण पायांची. जाहिरातीत फक्त ‘मेहनती महिला पाहिजेत’ असे होते. ‘बसून करायचे काम’ हे तीन शब्द असते, तर निदान आईने तिला विचारले असते.

कर्णबधिर मुलांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यासाठी सगळी जाहिरात चांगली असते आणि शेवटी लिहिलेले असते, ‘फक्त फोनवर संपर्क साधा’. एका मुलाच्या बहिणीने त्याच्या वतीने फोन केला. पलीकडून उत्तर आले, ‘‘त्यालाच बोलायला सांगा.’’ काम होते पॅकिंगचे. बॉक्समध्ये बरण्या भरायच्या, टेप लावायची, लेबल चिकटवायचे. बोलण्याची परीक्षा ज्या कामात कधीच लागणार नव्हती, ती दारातच घेतली गेली. आता तो मुलगा जाहिरातीत व्हॉट्सॲपचे हिरवे चिन्ह आहे का, ते आधी पाहतो. ‘मेसेज केला तरी चालेल’ असे दिसले की त्याचा चेहरा बदलतो आणि तो स्वतःच टाइप करायला घेतो, माझ्याकडे फोन देत नाही.

दृष्टिहीन उमेदवाराला तर जाहिरात आधी ऐकू यावी लागते. फोनमधला टॉकबॅक किंवा संगणकावरचे एनव्हीडीए अक्षरे वाचून दाखवते, पण कागदाचा फोटो काढून बनवलेली पीडीएफ त्याच्या दृष्टीने कोरे पान असते. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर अर्थहीन अक्षरांचा पाऊस पडतो. रंगीत चित्रावर छापलेली जाहिरात ग्रुपवर येते तेव्हा फोन एवढेच सांगतो, की फोटो आला आहे. त्याच मेसेजखाली तोच मजकूर साधा टाइप करून टाकायला दोन मिनिटे लागतात.

सरकारी जाहिरातीबद्दल मात्र माझे मत लोकांच्या उलट आहे. ती रुक्ष असते, लांबलचक असते, तक्त्यांनी भरलेली असते, तरीही दिव्यांग उमेदवार तिच्यावर अधिक विसंबतो, आणि त्याला कारण आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण दिले. आधीच्या १९९५च्या कायद्यात ते ३ टक्के होते. कोणते पद कुणाला योग्य, याची केंद्राची यादी ४ जानेवारी २०२१ रोजी निघाली, तीत ३,५६६ पदे आहेत. केंद्राच्या जाहिरातींत पदासमोर त्या यादीतल्या खुणा येतात : ‘ओए’ म्हणजे एक हात, ‘ओएल’ एक पाय, ‘बीएल’ दोन्ही पाय, ‘एलव्ही’ अल्पदृष्टी, ‘एचएच’ कमी ऐकू येणे. शेजारी कामाला काय लागते तेही असते. बसणे, उभे राहणे, वाकणे, उचलणे, बोटांनी हाताळणे, वाचणे-लिहिणे, पाहणे, ऐकणे, प्रत्येकाला एक-दोन अक्षरांची खूण. मुले या खुणा पाठ करून असतात. बोट तक्त्यावरून सरकत जाते आणि आपल्या खुणेवर थांबते. तिथे कुणाला विचारावे लागत नाही, कुणाची दया लागत नाही. लेखनिक मिळेल का, तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळेल का, तेही बहुधा त्याच पीडीएफमध्ये सापडते.

अशा याद्यांना दुसरी बाजूही आहे. खूण नसेल तर दार बंद. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यूपीएससीच्या २०१६ मध्ये लागलेल्या निकालात ७७३ व्या आल्या, आणि पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना घेतले गेले नाही. पुढच्या परीक्षेत त्या १२४ व्या आल्या, आयएएस झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारीपदी रुजू झाल्या. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की केवळ दृष्टिहीन म्हणून कुणाला न्यायिक सेवेची संधी नाकारता येणार नाही. मध्य प्रदेशचा तसा नियमच रद्द झाला. या बातमीची कात्रणे आमच्या खोलीत बरेच दिवस फिरत होती. एकाने विधी शाखेच्या प्रवेशाची चौकशी सुरू केली. न्यायालयाचा निकाल हीसुद्धा एक प्रकारे भरतीची जाहिरातच असते, हे मी त्या दिवसांत पाहिले.

आता उलट टोकाच्या जाहिराती. दिव्यांग दिन जवळ आला की ‘सामाजिक बांधिलकी म्हणून दिव्यांग बंधू-भगिनींना संधी’ अशी निवेदने येतात. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या जाहिरातींखाली आम्ही सर्वांना समान संधी देतो, असे इंग्रजी वाक्य असते. मुले ते ओलांडून पुढे जातात. त्यांचे प्रश्न साधे असतात. काम काय? कितवा मजला? लिफ्ट? स्वच्छतागृहात व्हीलचेअर जाते का? मुलाखतीला दुभाषा मिळेल का, आणि तो मागायचा कुणाकडे? यातल्या एकाचेही उत्तर त्या प्रेमळ वाक्यात नसते. ब्रिटनमध्ये १९९० पासून एक चिन्ह होते, दोन टिकांचे. ते जाहिरातीवर असले की किमान पात्रता पूर्ण करणाऱ्या दिव्यांग उमेदवाराला मुलाखतीला बोलावण्याचे वचन मालकाने दिलेले असे. त्याची जागा २०१६ मध्ये दुसऱ्या योजनेने घेतली. मला त्यातली एक गोष्ट पटते : वचन असे होते, की ते पाळले की नाही हे उमेदवाराला तपासता येत होते.

अर्जातला सर्वांत अवघड रकाना ‘दिव्यांग आहात का? होय/नाही’ हा. सरकारी अर्जात हा रकाना हक्काचा असतो, तिथे कुणी अडखळत नाही. खाजगी कंपनीच्या अर्जात मात्र हात थांबतो. का विचारले आहे, कोण वाचणार आहे, काहीच सांगितलेले नसते. कानात यंत्र असलेली एक मुलगी फोटोसाठी केस पुढे घेऊन बसली होती; आईने तसे बजावले होते. आईची भीती निराधार म्हणता येणार नाही. अमेरिकेत संशोधकांनी अकाउंटिंगच्या नोकऱ्यांसाठी सहा हजारांवर अर्ज पाठवून पाहिले. पात्रता तीच, पण ज्या अर्जांत अपंगत्वाचा उल्लेख होता त्यांना मालकांचा प्रतिसाद २६ टक्क्यांनी कमी आला. त्या रकान्याखाली ‘मुलाखतीची सोय करता यावी म्हणून विचारत आहोत’ अशी एक ओळ असलेला अर्ज मी पाहिला आहे. त्या मुलीने तिथे ‘होय’ लिहिले.

२०१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत १५ वर्षांवरील दिव्यांगांपैकी फक्त २३.८ टक्के लोक काम करणारे किंवा काम शोधणारे होते. त्यांच्यातला बेरोजगारीचा दर ४.२ टक्के. एवढाच आकडा वाचला तर चित्र बरे दिसते. पण बेरोजगार म्हणून मोजले जायला आधी काम शोधावे लागते, आणि शंभरातले शहात्तर जण शोधणाऱ्यांत नव्हतेच. त्याला शिक्षण, प्रवास, आजारपण, घर अशी अनेक कारणे आहेत. सगळा दोष जाहिरातींवर टाकणे चूक ठरेल. पण बाकीची कारणे दूर करायला वर्षे लागतात, जाहिरातीची ओळ आजच्या आज बदलता येते.

उमेदवाराला आधीच नीट माहिती द्यावी, असे २०१६चा तो कायदाही सांगतो. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आहे. २० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील, तर खाजगी मालकालाही दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, मिळणाऱ्या सोयी आणि संपर्क अधिकारी त्यात नमूद करावे लागतात. धोरण वेबसाइटवर ठेवायचे, नाहीतर आवारात दिसेल अशा जागी लावायचे. मिरजोळे एमआयडीसीपासून लोटे परशुरामपर्यंत २० माणसांचे कारखाने कमी नाहीत. माझ्या हाती येणाऱ्या जाहिरातींत या धोरणाचा उल्लेख मला अजून दिसलेला नाही.

कामाचे वर्णन कसे करावे, हे शिकायला रत्नागिरीच्या मालकांना लांब जायची गरज नाही. आविष्कार संस्थेची शामराव भिडे कार्यशाळा गावातच आहे. बौद्धिक दिव्यांग मुलांना काम शिकवणाऱ्या शिक्षकांना त्या कामाचे लहान लहान टप्पे पाडावेच लागतात. कापणे वेगळे, घडी घालणे वेगळे, चिकटवणे वेगळे, दहा मोजून बांधणे वेगळे. मग कुणाला कुठला टप्पा जमतो, ते दिसते. ‘हेल्पर पाहिजे’ असे लिहिण्याआधी मालकाने आपल्या हेल्परचा दिवस असा एकदा कागदावर मांडून पाहावा.

जिल्ह्यातल्या दुकानदारांना, कारखानदारांना, पतसंस्थांना माझी विनंती आहे. पुढची जाहिरात देताना काम काय, ते कुठे बसून किंवा उभे राहून करायचे, दुचाकी नेमकी कुणाला हवी, एवढे लिहा. फोन नंबरापुढे ‘मेसेज चालेल’ असे जोडा. आणि वाचकहो, तुमच्या घरात किंवा वाडीत असा कुणी उमेदवार असेल, तर ‘पाहिजेत’चा पुढचा मेसेज त्याच्यापर्यंत पोचवा. ‘धडधाकट’ लिहिलेले असले तरी पोचवा, आणि त्याला सांगा, की खालच्या नंबरवर एकदा विचारून बघ.