शुक्रवारची फिर्याद
(घरगुती यंत्रांची दुखणी : लेखांक सहावा)

१९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली तेव्हापासून कारखान्यांचे गाव म्हणून नावारूपास आलेल्या पिंपरीत गुरुवारला एखाद्या सणाइतका मान आहे. पिंपरी-भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने त्या दिवशी सुट्टी पाळतात, आणि दुरुस्तीच्या कामासाठी वीजही पुष्कळदा त्याच दिवशी खंडित होते. त्यामुळे शुक्रवारी सकाळी माझ्याकडे येणारी फिर्याद बहुधा ठरलेली असते : "काका, परवा बंद केला तेव्हा चांगला होता, आज बटण दाबले तर हूं की चूं नाही." गेल्या शुक्रवारची फिर्याद भोसरीतील एका परिचिताच्या लेथच्या कारखान्यातून, बिले करण्याच्या संगणकाबद्दल आली.

या फिर्यादीतील 'बंद' हा शब्द मात्र पारखून घेतला पाहिजे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची रचना प्रसृत केली. त्या रचनेत समोरचे बटण प्रवाह तोडीत नाही, केवळ मदरबोर्डाकडे अर्ज गुजरते. आणि तो अर्ज ऐकण्यास कोणी जागे असावे म्हणून एसएमपीएसमधील, म्हणजे संगणकाला वीज पुरविणाऱ्या पेटीतील, एक लहानसा विभाग, भिंतीवरचे बटण चालू आहे तोवर, जांभळ्या तारेवर ५ व्होल्टचा पुरवठा अहोरात्र करीत राहतो. या पहारेकऱ्याच्या कपॅसिटरमधील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटत जातो, तरी ऊब आहे तोवर तो कशीबशी वेळ मारून नेतो. एक दिवस वीज गेली, तो पूर्ण निवला आणि रिता झाला, म्हणजे थंड अवस्थेतून पुन्हा उठण्याचे त्राण त्याच्यात उरत नाही. दोष जुनाच असतो. गुरुवारी त्याची वाच्यता होते, इतकेच.

तथापि संशयितास चौकशीवाचून आरोपी ठरवू नये. त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून पाहावा, एक्स्टेंशन बोर्ड वगळून पाहावा, एसएमपीएसच्या पाठीवरचे बटण पाहावे. सैल प्लग घट्ट बसवून, चहा घेऊन परत आल्याचे प्रसंग माझ्या खाती अनेक जमा आहेत. आणि बंद मॉनिटरला मृत संगणक समजणारे सुशिक्षित लोकही मी पाहिले आहेत.

भोसरीत हे सारे निर्दोष निघाले. मग मल्टिमीटरची काळी सळई काळ्या तारेस आणि लाल सळई जांभळ्या तारेस लावली. तेथे ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान आकडा हवा. दिसला जेमतेम सव्वातीन. पहारेकरीच आजारी, तेव्हा निकाल तेथेच लागला. हा आकडा बरोबर असता, तर मदरबोर्डावरील पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून पाहिल्या असत्या, कारण लेथच्या धुळीने खुद्द बटणच निकामी होणे हे या भागात नवल नव्हे. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर प्रकरण वेगळे : राखाडी तारेवरून 'पुरवठा ठीक' असा दाखला सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदाच्या आत मिळाला नाही, किंवा पुढे कोठेतरी शॉर्ट आहे. पंखा फिरत राहूनही पडदा काळाच असेल, तर रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसाव्यात व पुन्हा नीट बसवावी; हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण पुष्कळदा लागू पडतो.

माझे मोजमाप चालले असता मालक म्हणाले, "अर्धा तास प्लग लावून ठेवा, होतो सुरू, मागच्या शुक्रवारी झालाच की." नेमका हाच पुरावा त्यांच्याविरुद्ध जात होता. ऊब मिळताच उठणारा एसएमपीएस बरा झालेला नसतो, त्याला मुदतवाढ मिळालेली असते. त्याचे झाकण उघडून स्वतः दुरुस्ती करण्याचा मोह मात्र कोणी धरू नये : २३० व्होल्टचा पुरवठा आत सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत साठवला जातो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तेथेच दबा धरून बसतो.

नवा एसएमपीएस बसवला, आणि दुपारपर्यंत अडलेली बिले निघाली. वाचकांनी दर बुधवारी संध्याकाळी, संगणक बंद करण्यापूर्वी, आपल्या हिशेबांची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, एवढी विनंती.